मागच्या खुर्च्यांवरच्या दोघी

चोवीस वर्षं मी बालमंदिरात शिकवलं आणि त्या चोवीस वर्षांत मला शिकवताना कुणी बघितलं नाही. म्हणजे तसे डोळे पुष्कळ असायचे, दारात डबा घेऊन उभ्या आया, पंधरा ऑगस्टला येणारे ट्रस्टी, तपासणीला आलेले साहेब, पण साहेब हजेरीपट बघायचे, ट्रस्टी भिंतीचा रंग बघायचे आणि आया फक्त आपापलं पोर. रडणाऱ्या मुलाजवळ मी किती वेळ नुसती बसते, मातीचा गोळा आधी कुणाच्या हातात देते, "बाई ह्याने मला मारलं" याला काय उत्तर देते, हे बघायला म्हणून कुणी आलं नाही. मला त्याचं काही वाटलंही नाही. उलट बरंच वाटायचं, वर्गाचं दार लावलं की आपलंच राज्य.

मग त्रेपन्नाव्या वर्षी मला ट्रेनर व्हायची हौस आली.

आमचं बालमंदिर दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर होतं, मराठी माध्यम. शेवटी शेवटी मुलं इतकी कमी झाली की एका वर्षी अकरा, त्यातली चार गुजराती घरातली, शाळा जवळ म्हणून आलेली. बडोद्यात मराठी घरं काही कमी नाहीत पण त्यांची नातवंडं आता इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमधून जातात (माझा नातूही जातो, उगाच कशाला लपवू). शाळा बंद झाली. चार महिने मी माळे साफ केले, दुपारी झोपा काढल्या, आणि मग खंडेराव मार्केटात भाजी घेताना अनोळखी पोरांशी गप्पा मारत उभी राहायला लागले तेव्हा हे म्हणाले, "तू काहीतरी बघ बाई, लोक पोरं पळवणारी समजतील."

ट्रेनरचं डोक्यात घातलं ते भाचीने. ती टेक्ससला एका डे-केअरमध्ये काम करते. "मावशी, इथे आम्हाला दर वर्षी चोवीस तास ट्रेनिंग घ्यावंच लागतं, ट्रेनर लोकांची राज्याची रजिस्ट्री आहे, तू तर डोळे मिटून करशील." तिने स्वतः ते सीडीए की काय, म्हणजे बालशिक्षिकांचं तिकडचं सर्टिफिकेट, केलंय, १२० तासांचं शिक्षण, ४८० तास मुलांबरोबर प्रत्यक्ष काम, एक भलामोठा पोर्टफोलिओ, परीक्षा, आणि त्याआधी एक बाई येऊन तिच्या वर्गात बसून तिचं काम बघून गेली, आणि एवढं करून दर तीन वर्षांनी ते रिन्यू करायचं. मी म्हटलं, कुणी बसून बघत असलं की मुलं बिथरत नाहीत का गं? ती म्हणाली, मुलं नाही बिथरत मावशी, आपण बिथरतो. हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

गंमत म्हणजे त्यांचं पहिलं सीडीए सर्टिफिकेट १९७५ साली दिलं गेलं आणि आपली अंगणवाडीची योजना, आयसीडीएस, तीही १९७५ चीच, २ ऑक्टोबरला देशभरात ३३ ब्लॉकमध्ये सुरू झाली, आणि गुजरातमधला पहिला ब्लॉक होता छोटा उदेपूर, जो तेव्हा आपल्या बडोदा जिल्ह्यातच होता. म्हणजे तिच्याकडचं आणि माझ्याकडचं एकाच वयाचं. वाढ मात्र आपापल्या पद्धतीने झाली.

आपल्याकडे अंगणवाडीच्या ट्रेनिंगची एक सरकारी उतरंड असते. २०२३ च्या मे महिन्यात केंद्राने 'पोषण भी पढाई भी' सुरू केलं, त्यात आधी राज्यांच्या मास्टर ट्रेनर्सना दोन दिवस शिकवायचं आणि मग त्यांनी खाली अंगणवाडीच्या बेनना तीन दिवस, अशी रचना. मास्टर ट्रेनर म्हणजे जिल्ह्याचे अधिकारी, ब्लॉकचे लोक, सुपरवायझर. माझ्यासारख्या रिकाम्या बाईला तिथे दार नाही. पण प्ले-स्कूल, बालवाटिका, छोट्या बालवाड्या यांच्या शिक्षिकांना ट्रेनिंग देणाऱ्या खाजगी संस्था असतात, त्या आपले ट्रेनर आपण निवडतात, तपासतात आणि मग 'मान्य' करतात. अशाच एका संस्थेचा (नाव नको) फॉर्म मी भरला.

फॉर्ममध्येच पहिली ठेच लागली. एका सेशनचा आराखडा लिहून द्यायचा होता, वर उद्दिष्टं. मी लिहिलं, "शिक्षिकांना खेळाचं महत्त्व समजेल." फॉर्म परत आला, 'समजेल'वर लाल गोल, बाजूला प्रश्न, "समजलं हे तुम्हाला दिसणार कसं?" मी दुसऱ्यांदा लिहिलं, "जाणीव होईल." पुन्हा गोल. तिसऱ्यांदा मी वैतागून लिहिलं की शिक्षिका घरातल्या तीन वस्तूंपासून एक खेळ तयार करतील आणि तो कुठल्या वयासाठी ते सांगतील. ते पास झालं. जे डोळ्यांना दिसत नाही ते क्रियापद चालणार नाही असा त्यांचा नियम, आणि मराठीत आपली निम्मी क्रियापदं अशी मनातल्या मनात घडणारी, हे तेव्हा लक्षात आलं.

मग डेमो. पंचेचाळीस मिनिटं, समोर अठरा शिक्षिका, मागच्या खुर्च्यांवर दोघी निरीक्षक, एक माझ्याच वयाच्या, केस पांढरे, आणि दुसरी तिशीतली, जीन्स-कुर्ता. दोघींच्या मांडीवर कागद. मी विषय घेतला होता 'मुलांना खेळातून शिकू द्या'. आधी तो मेंदूचा आकडा सांगितला, सहा वर्षांच्या आत ८५ टक्क्यांहून जास्त वाढ होते, नव्या शिक्षण धोरणात २०२० साली छापलाय तो, हल्ली कुठलंही ट्रेनिंग तिथूनच सुरू होतं. (हा आकडा ऐकून दुसऱ्या दिवशी वर्गात काही वेगळं केलेली बाई मी अजून पाहिलेली नाही.) मग मी माझे अनुभव सांगितले, बायका हसल्या, माना डोलावल्या, एकीने वहीत लिहूनही घेतलं, मला वाटलं रंगलं आपलं, अगदी कीर्तन झालं.

नंतर पांढऱ्या केसांच्या मॅडमनी मला बाजूच्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि कागद पुढे केला. त्यावर नुसत्या रेघा. त्यांनी दर मिनिटाला एक खूण केली होती, बोलतंय कोण याची.

पंचेचाळीसपैकी अडतीस मिनिटं मी.

"तुम्ही अडतीस मिनिटं सांगत होतात की मुलांना सांगत बसू नका," असं त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता, अगदी साधेपणाने म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. धाकटीने आणखी एक दाखवलं. गोंधळ वाढला तसं मी दोनदा टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं होतं आणि हसत हसत म्हटलं होतं, "अदब, पलांठी, मों पर आंगळी." गुजरातच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही हे माहीत असतं, आपल्या 'हाताची घडी तोंडावर बोट'चं गुजराती भावंड. सगळ्या हसल्या होत्या. आणि अठराच्या अठरा जणींनी, पस्तीस-चाळीस वर्षांच्या बायकांनी, खरोखर पलांठी सारखी करून ओठांवर बोट ठेवलं होतं, ते मला दिसलंच नव्हतं. धाकटीने लिहून ठेवलं होतं, "१८ पैकी १८." 

मान्यता मिळाली नाही. तीन महिन्यांनी परत या म्हणाले.

घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही. ह्यांनी सेव-उसळ आणली, ती गार झाली. राग त्या दोघींचा नव्हता, राग याचा होता की मी वर्गात मुलांशी असं वागत नव्हते. खरंच नव्हते. माझ्या वर्गात मी फार कमी बोलायचे, माझी ओळखच ती होती. मग समोर मोठी माणसं आली की मला काय झालं? आणि त्याच्या मागोमाग दुसरी शंका आली ती जास्त वाईट होती, की मी वर्गात कमी बोलायचे असं मला वाटतं, पण रेघा मारायला तिथे होतं कोण?

त्या तीन महिन्यांत संस्थेने मला दुसऱ्या ट्रेनर्सचे क्लास मागे बसून बघायला लावले, हातात तोच कागद. मिनिटाला एक रेघ. पहिल्या दिवशी मी रेघा विसरून नुसती ऐकत बसले, दुसऱ्या दिवशी मला सारखं बोलावंसं वाटत होतं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कुठे बघायला जमायला लागलं, म्हणजे बाई काय बोलतेय ते सोडून तिच्या डाव्या बाजूला बसलेल्या दोघी पंधरा मिनिटं कुठे बघतायत ते दिसायला लागलं. आपल्या गावात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची चेतन बालवाडी आहे, मानव विकास विभागाची, तिथे वर्षानुवर्षं विद्यार्थिनी मुलांचं निरीक्षण करून लिहायला शिकतात. त्या बालवाडीवरून मी आयुष्यभर जात-येत होते. आत काय चालतं ते म्हणजे कॉलेजच्या पोरींचं, असं धरून चालले होते.

माझ्या गुजरातीचाही विषय निघाला. मी चुकत नाही, पण 'ळ' आणि हेल मराठीच राहतो, आणि मी फॉर्मवर कमकुवत बाजू म्हणून तेच लिहिलं होतं. पांढऱ्या केसांच्या मॅडम म्हणाल्या, ताराबाई मोडकांचा हेल कसा असेल? मला हसू आलं. पण खरंच की. गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर काढलं आणि पुढे तीन-चार वर्षांत ताराबाई तिथे गेल्या, राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजातली प्राचार्यपदाची चांगली नोकरी सोडून. मराठी बाई गुजरातीतून काम करत होती, बालशिक्षकांना तयार करत होती. मग बोर्डीला, कोसबाडला अनुताई वाघांबरोबर जे केलं त्यातूनच तर अंगणवाडी हा शब्द आला, जो आज अख्खा देश वापरतो. आम्हाला डी.एड.ला हे पाच मार्कांसाठी होतं, टिपा लिहा. पाच मार्क मिळवून मी ते विसरले होते.

दुसऱ्या डेमोला मी एकच गोष्ट घेतली. लिहिणं. कारण बालवाडीच्या बाईला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट तीच, तीन वर्षांच्या पोराची आई विचारते अजून ए-बी-सी-डी लिहीत का नाही, आणि बाई बिचारी त्याच्या बोटात पेन्सिल धरून आपणच गिरवते.

मी सगळ्यांना कागद दिला, त्यावर बोटभर रुंदीची चौकट, आणि सांगितलं डाव्या हाताने आपलं पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं चौकटीत लिहा, रेघेबाहेर जायचं नाही, दोन मिनिटं. डावखुऱ्या असाल तर उजव्याने. आणि मी फिरत राहिले, "चला चला, हिचं झालंसुद्धा, तुमचं अजून तेवढंच? अक्षर बघा कसं आलंय." मुद्दाम. एका मिनिटात खोलीतला आवाज बदलला. कुणी जीभ बाहेर काढून लिहीत होती, कुणी खांदा वर उचलून, एकीने पेन टाकून दिलं, "माराथी नहीं थाय, बेन," माझ्याच्याने नाही होत. एकीने शेजारणीचं बघून चौकट झाकून घेतली. आणि एक, चांगली धीट दिसणारी बाई, तिने कागद घडी करून ओढणीखाली लपवला. तो कागद मी मागितला नाही.

मग मी पाच मिनिटं काही बोलले नाही, त्याच बोलल्या. हात कुठे दुखला, मी घाई केली तेव्हा काय वाटलं, कुणाचं नाव घेऊन राग आला (माझंच). त्यानंतर मी फक्त एक सांगितलं, की मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि बाळ जन्मतं तेव्हा ती जवळजवळ सगळी कूर्चा असते, मऊ, बहुतेक बाळांच्या एक्स-रेमध्ये ती दिसतही नाहीत, मग एकेक करून त्यांचं हाड होत जातं आणि शेवटचं व्हायला नऊ-दहा, कधी बारा वर्षं लागतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात आठपैकी थोडीच हाडं खरी हाडं असतात. तुमचा डावा हात तरी पूर्ण हाडांचा आहे. म्हणून आधी कणीक मळू दे, कपडे वाळत घालायचे चिमटे लावू दे, पाण्यात स्पंज पिळू दे, जमिनीवर ओल्या खडूने मोठ्ठे गोल काढू दे, आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि बोटं सगळ्यात शेवटी. हे मी चोवीस वर्षं करून घेत होते बरं का, कणीक, चिमटे, सगळं. आमच्या जुन्या मोठ्या बाई करायच्या म्हणून मी करत होते. हाडांचं मला त्या तीन महिन्यांत कळलं.

आणि त्याच तीन महिन्यांत हेही आठवलं की १९९०च्या दशकात कधीतरी माझ्या वर्गात एक डावखुरा मुलगा होता, आणि मी त्याच्या डाव्या हातातून खडू काढून उजव्यात द्यायचे. रोज. प्रेमाने, राजा, सोन्या करत. त्याची आजीच सांगून गेली होती, पण आजीचं निमित्त, खडू मीच काढायचे. हे मी डेमोत सांगितलं नाही, तेवढं धैर्य नव्हतं. हल्ली सांगते.

ह्यावेळी कागदावर माझ्या रेघा चौदा आल्या. मान्यता मिळाली, दोन वर्षांची, मग परत बघायला येणार. घरी देवापुढे ठेवलं पत्र, सासूबाई म्हणाल्या, आधी तू शिक्षिका नव्हतीस का?

आता सेशन घेत फिरते, गावात आणि आसपास. खूप ठिकाणी वाईट होतं. एका प्ले-स्कूलच्या मालकांनी मला सांगितलं तुम्ही फक्त एक तास घ्या आणि सर्टिफिकेट तेवढी पूर्ण दिवसाची द्या. कुठे उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत चाळीस बायका, कुठे अर्ध्या जणी मोबाइलवर आणि मला कळतं की चूक मोबाइलची नाही, मी परत बोलायला लागले आहे.

पण बोडेलीच्या अलीकडे एका गावात झालेलं सांगायचंय. संस्थेचं तिथल्या काही अंगणवाड्यांबरोबर काम चालतं. कार्यकर बेन, म्हणजे अंगणवाडी सेविका, होत्या आणि काही तेडागरही आल्या होत्या. तेडागर म्हणजे अंगणवाडीची मदतनीस, गुजरातीतला हा शब्द मला फार आवडतो, तेडणं म्हणजे बोलावणं, कडेवर घेणं, घरोघर जाऊन मुलांना घेऊन येते ती तेडागर. एरवी त्या ट्रेनिंगला मागे बसतात, चहा द्यायला उठतात.

विषय होता निरीक्षण. मी सांगितलं एक मूल डोक्यात आणा, काल त्याने काय केलं ते लिहा, पण विशेषण चालणार नाही, शहाणा, मस्तीखोर, हुशार, ढ, काही नाही, फक्त केलं काय. सगळ्यांना जड जातं हे, मलाही जातं अजून. योगायोगाने एकाच अंगणवाडीच्या कार्यकर आणि तेडागर दोघी तिथे होत्या आणि दोघींनी एकच मुलगा निवडला. कार्यकर बेनने वाचलं, खूप मस्ती करतो, एका जागी बसत नाही, गोष्ट चालू असताना उठून दाराकडे पळतो. तेडागर बेनला लिहायला फारसं येत नव्हतं, साठीच्या असतील, पदर सावरत उठल्या आणि म्हणाल्या, तो दाराकडे येतो तो चपला लावायला येतो. रोज. सगळ्या पोरांच्या चपला उलट्यासुलट्या पडलेल्या असतात, तो एकेक उचलतो, तिची जोडीदार शोधतो, जोडी भिंतीला लावतो. आधी मोठ्या, मग लहान. तुटक्या पट्ट्याची एक आहे ती तो शेवटी ठेवतो. परवा एक जास्त झाली तर हातात धरून बसून राहिला, मला म्हणाला आजी, एक पोरगं एका पायाने आलंय.

सगळ्या हसल्या. कार्यकर बेन हसली नाही, ती तेडागर बेनकडे बघत होती. जोड्या लावणं, लहान-मोठं क्रमाने मांडणं, गणिताआधीचं गणित, ह्यावर माझ्या बॅगेत अकरा स्लाइड होत्या. त्या मी काढल्या नाहीत. मी एवढंच विचारलं की आजी, तुम्हाला हे बघायला कुणी सांगितलं?

"मने कोण कहे? हुं तो बारणे बेसुं छुं." मला कोण सांगणार, मी तर दारातच बसते.

मग त्यावर दोघींचं आपसात सुरू झालं, चपलांचं काम त्यालाच द्यायचं की वर्गात काड्या-गोट्या द्यायच्या जोड्या लावायला, तेडागर बेन म्हणे चपलाच बऱ्या, कार्यकर म्हणे घाण असतात, आणि बाकीच्याही त्यात पडल्या, सेशन अर्धा तास लांबलं, आयोजक दारात घड्याळ दाखवत उभे, रोट्या गार.

निघायला चार वाजले. अंगणवाडीला सुट्टी होती, पोरगा काही तिथे नव्हता. दारात आम्हा चौतीस जणींच्या चपलांचा ढीग पडला होता आणि माझी डावी काही केल्या सापडेना.